राखाडी पडद्याचा लॅपटॉप

२२ ऑगस्ट १९९८. रुपये सव्वीस हजार चारशे. पोस्टातल्या आवर्त ठेवीचे हे पैसे रुमालात बांधून जुबेदाबाई धुळ्याच्या बसस्थानकावर माझी वाट पाहत होत्या. आम्हाला जळगावला लॅपटॉप घ्यायला जायचे होते.

जुबेदाबाई आमच्या इंजिनिअर साहेबांचे ट्रेसिंग घरून करीत. मी त्या ऑफिसात हिशेबनीस. पंपघर असो की पाण्याची टाकी, साहेबांच्या कच्च्या आराखड्यावरून काळ्या शाईने पक्का नकाशा त्याच काढत. अकरा वर्षांत त्यांचे बिल मला एकदाही अडवावे लागले नाही. त्या उन्हाळ्यात साहेबांनी सांगितले, "दिवाळीनंतर नकाशे फ्लॉपीवरच घेणार." जुबेदाबाईंच्या आई, सुगराबी, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना सोडून रोज ऑफिसात येऊन बसणे शक्य नव्हते. मशीन घरी आले नाही तर काम गेले. एका खोलीत कॉम्प्युटरचे टेबल मावणार नव्हते आणि वीज तर रोज जायची, म्हणून लॅपटॉप.

रविवारी शेजारच्या कमलबाई सुगराबींजवळ बसत, मी ऑफिस उघडून देई आणि जुबेदाबाई तिथल्या मशीनवर नकाशे काढायचे सॉफ्टवेअर शिकत. यात माझे उपकार नाहीत. पूर्वी माझी पत्नी दवाखान्यात होती तेव्हा हिंडत्या-फिरत्या सुगराबी, आमच्याकडे खायला काय चालते ते विचारून, दोन्ही वेळा डबा आणत. ते मी विसरलेलो नाही.

गोलाणी मार्केटात असलम मुंबईच्या कंपन्यांचे जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकायचा. त्याने दोन पुढे ठेवले. रंगीत पडद्याचा माझ्या मनात भरला. जुबेदाबाईंनी पर्समधून फ्लॉपी काढली. रावेरच्या केळीच्या शीतगृहाचा, ऑफिसात अर्धा काढलेला नकाशा.

"आपा, आधी गाणी-बिणी तर ऐका!" असलम म्हणाला.

"गाण्यांचे पैसे कोण देणार मला? नकाशा उघड."

रंगीत मशीनवर सॉफ्टवेअर सुरूच होईना. असलमने कपाळाला हात लावला. "आकडेमोडीची चिपच नाही यात. माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. पत्रं टाइप करायला ठीक आहे हे."

दुसऱ्यावर नकाशा उघडला, पण सगळा राखाडी. भिंती, पाइप, वायरिंग, एकच रंग. किंमत सव्वीस हजार.

मी म्हणालो, "राहू द्या, जुबेदाबाई. साहेब पाइप निळे दाखवतात, वायरिंग लाल. तुम्हाला समजणार कसं?"

"नाना, माझ्या शाईच्या बाटलीत कधी लाल-निळं पाहिलंत?" त्या पडद्यावर वाकल्या. "भिंतीची रेघ अखंड, पाइपाची तुटक, वायरिंगला रेघ आणि ठिपका. इतकी वर्षं मी असंच तर ओळखते."

असलम हसला. "नाना, रंगीत तुम्ही न्या. नातवंडं खेळतील."

मग बॅटरी किती टिकते ते पाहायला जुबेदाबाईंनी वायर काढायला लावली आणि ती उतरेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. असलमने कुरकुर केली नाही, उलट दोनदा चहा पाजला. त्याचे आभार मी तिथे मानले नाहीत, ते इथे मानतो.

दिवाळीपूर्वी रावेरचा नकाशा पुरा होऊन फ्लॉपीवर आला. साहेबांनी तो छापून टेबलावर पसरला, भिंग घेऊन पाहिला आणि मला म्हणाले, "वरणगावचं पंपघरही त्यांच्याकडेच पाठवा." आता आणखी दोन इंजिनिअर त्यांना काम देतात. सुगराबींच्या खाटेशेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन त्या बसतात. वीज गेली तर पडद्याच्या उजेडात आईला औषध देता येते.

येत्या मे महिन्यात मी निवृत्त होईन. देवपुरात दोन खोल्या बांधायच्या आहेत. नकाशासाठी गेलो तर जुबेदाबाई म्हणाल्या, "नाना, रांग आहे. तुम्ही चौथे."

खाटेवरून सुगराबी म्हणाल्या, "अगं, त्यांना तरी मध्ये घे!"

"नको," मी म्हणालो. "चौथाच बरा."

नकाशा गेल्या आठवड्यात मिळाला. बिल करायला त्यांना अजून सवड झालेली नाही. त्यांचे साडेतीनशे रुपये मी देणे लागतो.