मजकूर बरोबर. छापावे.

छापखान्यात तिला सगळे चुकाताई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. छापायच्या आधी मजकूर वाचायचा, लाल पेनाने चुका काढायच्या, आणि सगळं ठीक झालं की खाली ‘मजकूर बरोबर. छापावे.’ असं लिहून सही ठोकायची. बँकांची पत्रकं, औषधांची वेष्टनं, हॉटेलांची मेनूकार्डं, शाळांची प्रगतिपुस्तकं, तिच्या नजरेखालून न गेलेला कागद त्या इमारतीतून बाहेर पडत नसे. दुसऱ्याच्या चुका काढण्याबद्दल पगार मिळावा असं भाग्य किती जणांना लाभतं, असं ती ऐटीत सांगायची. यातलं पगाराचं वाक्य अलीकडे दुरुस्तीला आलं होतं.

पगार एक तारखेला व्हायचा. आज गुरुवार, वीस तारीख होती, शनिवारपासून वर्षअखेरची दहा दिवसांची सुट्टी लागणार होती, आणि कॅशियरच्या खिडकीवर ‘थोड्या वेळात येतो’ अशी पाटी गेले अठरा दिवस लटकत होती. पाटीमागे कॅशियर बसलेलाच असे. कोणी काचेवर टकटक केली की तो एकदम वहीत डोकं घालायचा. साहेबांच्या केबिनमध्ये मात्र सगळं वेळच्या वेळी चालू होतं. तिथे भिंतभर माशांची काचेची टाकी होती, आणि ती धुणारा माणूस दर पंधरवड्याला यायचा, टाकी धुवायचा आणि जागेवर रोख पैसे मोजून घेऊन जायचा. मासे बावीस वर्षं नोकरीत नव्हते, म्हणून त्यांना थांबवून चालत नसावं.

चुकाताईला पैसे हवे होते ते तिकिटासाठी. तिची मुलगी दूरच्या शहरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टीत तिथलं वसतिगृह बंद व्हायचं, मुली घरी जायच्या. रात्रीच्या बसमध्ये तिच्या नावाने एक जागा राखून ठेवलेली होती आणि गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत पैसे भरले नाहीत तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत एकही जागा शिल्लक नव्हती. गेल्या वर्षी नेमकं हेच झालं होतं. पगार लांबला, जागा गेली, आणि मुलगी म्हणाली, “अगं आई, मी मैत्रिणीकडे जाते ना. तिची आई फार लाड करते माझे.” सुट्टीभर ती रोज फोनवर लाडांचं वर्णन करायची. त्या लाडक्या घरात मागे कधी भांडं वाजलं नाही, कोणी खोकलं नाही, हे चुकाताईच्या कानाला खटकलं होतं. पण खटकलेलं तिथेच सोडून द्यायची सवय माणसाला घरच्यांच्या बाबतीत फार लवकर लागते.

नवऱ्याकडून आधाराची आशा नव्हती. तो पाच वर्षांपूर्वीच गेला होता, आणि हयात असतानाही पैशांच्या बाबतीत तो फारसा हजर नसायचा. तेव्हा चुकाताईने पोटाला चिमटा काढायला सुरुवात केली. चहात दूध नावापुरतं, बसऐवजी पाय, आणि दिव्याखाली वाचायचं ते खिडकीशी. किराणा दुकानदाराने उधारीला मान हलवली, पण ती हलवण्याआधी त्याने एक उसासा सोडला, आणि तो उसासा तिला साखरेपेक्षा महाग पडला. तिची सामानाची यादी छापखान्यातल्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर असायची. पुढे कुठल्याशा बड्या हॉटेलच्या नऊ पदार्थांच्या मेजवानीचं मेनूकार्ड, आणि मागे ‘डाळ अर्धा किलो, शक्य असल्यास’. ते ‘शक्य असल्यास’ तिने दोनदा खोडून पुन्हा लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी तिच्या टेबलावर साहेबांचं पत्र आलं. जाडजूड हस्तिदंती कार्ड, कडेला सोनेरी शाईची नक्षी, आणि वर ‘आपल्या कुटुंबातील प्रिय सदस्यांनो’. त्या कार्डाचा भाव चुकाताईला पाठ होता. चाळीस माणसांच्या पगाराला पैसे नाहीत हे चाळीस माणसांना कळवायला सोनेरी शाई लागते, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्या डोक्याला तिने मनातल्या मनात कोपरापासून नमस्कार केला. मजकूर असा होता: ‘यंदा प्रथमच, काही अपरिहार्य कारणांमुळे, या महिन्याचा पगार सुट्टीनंतर देण्यात येईल. सुट्टीचा खरा आनंद पैशात नसून आपल्या माणसांच्या सहवासात असतो, हे आपण जाणताच.’

एरवी साहेबांचं पत्र म्हणजे ‘घरचं काम’. त्याला नंबर नसे, तपासणीचा तक्ता नसे, चुकाताई फक्त शुद्धलेखन बघून सोडून द्यायची. पण मागच्या वर्षी साहेबांचं पत्र छापून झाल्यावर ती आठवडाभर तापाने घरी असताना या छापखान्याने एका कंपनीच्या दिनदर्शिकेत जून महिन्याला एकतिसावा दिवस बहाल केला होता. पाच हजार प्रती रद्दीत गेल्या. तेव्हा साहेबांनी स्वतः एक नियम काढला आणि चौकटीत घालून भिंतीवर लावला: काम कोणाचंही असो, तपासणीच्या तक्त्यावर सही झाल्याशिवाय ते मशीनवर चढणार नाही, आणि चढवणाऱ्याकडून नुकसान वसूल केलं जाईल. त्यामुळे यंदा साहेबांच्या पत्रालाही रीतसर नंबर पडला आणि तक्ता चिकटला. तक्त्यात पहिलाच प्रश्न होता, ‘तारखा, आकडे व दावे जुन्या नोंदींशी ताडून पाहिले काय?’

चुकाताईची एक जुनी खोड होती. ‘प्रथमच’, ‘सर्वांत मोठा’ आणि ‘एकमेव’ हे तीन शब्द दिसले की तिचे पाय आपोआप जुन्या प्रुफांच्या कपाटाकडे वळायचे, कारण गिऱ्हाइकं सगळ्यांत जास्त खोटं या तीन शब्दांतच बोलतात. आत्ताही ती उठली, कपाट उघडलं आणि डिसेंबरचा गठ्ठा काढला. गेल्या वर्षीचं पत्र निळ्या कार्डावर होतं: ‘यंदा प्रथमच, काही अपरिहार्य कारणांमुळे’. त्याच्या आदल्या वर्षीचं गुलाबी: ‘यंदा प्रथमच’. त्याच्याही आधीचं पांढरं, साधं, नक्षी नसलेलं. तेवढं एक खरं असावं.

तिन्हींच्या खाली तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘मजकूर बरोबर. छापावे.’ आणि सही. गुलाबी पत्रातल्या ‘अपरिहार्य’ची वेलांटी तिने दुरुस्त केली होती, आणि त्या दिवशी आपण किती बारकाईने वाचतो म्हणून स्वतःवर खूशही झाली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. साहेबांनी सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली हे खरं, पण धूळ चाळून, खडे निवडून हातात देणारी ही शहाणी होती. पगार वेळेवर नाही हे तिला तिन्ही वर्षं माहीत होतं. पगार न मिळालेल्या बाईने पगार न देणाऱ्याचं शुद्धलेखन सुधारावं, यापुढे अडाणीपणाने तरी आणखी कुठे जायचं.

तिने लाल पेन उघडलं. ‘प्रथमच’वर काट मारली, समासात ‘चौथ्यांदा’ लिहिलं, ‘पुरावे सोबत’ असा शेरा मारला, तिन्ही जुनी प्रुफं टाचणीने जोडली आणि सगळं केबिनमध्ये पाठवून दिलं. चार वाजता बोलावणं आलं.

“ताई, हे घरचं काम आहे,” साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. तो मऊ झाला की कोणाचा तरी खिसा कापला जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“नियमात ‘कोणाचंही असो’ असं आहे, साहेब. तो मजकूर मीच तपासला होता.”

“बरं. मग ‘प्रथमच’ काढून टाका. विषय संपला.”

“काढते. मग पुढे ‘अपरिहार्य कारणं’ येतात. कारणं कोणती ते लिहायला हवं.”

“पैसे अडकलेत. नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेच्या कंपनीने अजून दिले नाहीत.”

“पाच तारखेला त्यांना आभाराचं पत्र गेलं आपलं. ‘संपूर्ण रक्कम आगाऊ मिळाली’ असं आहे त्यात. ते मीच वाचलंय, माझी सही आहे. आता दोन्ही मजकूर एकदम बरोबर कसे असतील? कुठला चुकला ते सांगा, मी दुरुस्त करते.”

टाकीतला एक जाडा मासा काचेला तोंड लावून तिच्याकडे बघत होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, जणू उत्तर त्याला येत असावं. मग त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“तुमची अडचण मला कळते. मुलीचं शिक्षण आहे. हा तुमचा पूर्ण पगार. बाहेर कोणाला सांगू नका, आणि जाता जाता त्या पत्रावर सही करून टाका.”

चुकाताईने घड्याळाकडे पाहिलं. साडेचार. तिकीट खिडकी पायी वीस मिनिटांवर होती. हे पाकीट तोंडावर फेकून ताठ मानेने निघून यायला तिलाही आवडलं असतं, पण असला बाणा महिनाअखेरीस परवडत नाही, आणि पगार तिचाच होता, घाम गाळून मिळवलेला. तिने नोटा मोजल्या, दोनदा मोजल्या, पाकीट पिशवीत टाकलं.

“पगार महिन्याच्या कामाचा झाला, साहेब,” ती म्हणाली. “सहीचे पैसे यात नाहीत. मजकूर बरोबर झाला की सही करीन.”

ती बाहेर आली तेव्हा मशीन धडधडत होतं. पंचवीस वर्षं त्या आवाजात काढलेला मशीनमास्तर तिच्याकडे वळला. त्याच्या घरी त्याची म्हातारी आई होती, दोन शाळकरी मुली होत्या, आणि गेल्या आठवड्यात त्याने मनगटावरचं घड्याळ विकलं होतं. मनगटावर अजून त्याचा पांढरा पट्टा दिसत होता.

“काय झालं हो, ताई?”

इथे तिला वेळ मारून नेता आली असती. ‘बघू म्हणाले’ एवढं पुरलं असतं. पण आजच्या दिवशी आणखी एका खोट्या मजकुरावर सही करण्याचं तिच्या जिवावर आलं.

“मला दिला पगार,” ती मशीनच्या वर आवाज चढवून म्हणाली. “कोणाला सांगू नका म्हणालेत.”

मशीनमास्तरने बटण दाबलं. मशीन थांबलं, आणि शेजारच्या खोलीत बांधणी करणाऱ्या बायका काय झालं म्हणून दारात आल्या. घोषणा झाल्या नाहीत, मूठ कोणी आवळली नाही. सगळे हात पुसत केबिनमध्ये गेले आणि माशांच्या टाकीसमोर दाटीवाटीने उभे राहिले. आपण कुटुंबातले सदस्य आहोत असं वाचलं, म्हणून भेटायला आलो, असं मशीनमास्तर म्हणाला. दिनदर्शिकेची शेवटची पानं मशीनवर अर्धी छापून पडली होती आणि शुक्रवारी सकाळी त्यांची गाडी लागणार होती. पाच वाजायच्या आत कॅशियरच्या खिडकीवरची पाटी निघाली. सोनेरी कार्ड कधीच छापलं गेलं नाही. सुट्टीनंतर भिंतीवरच्या नियमात मात्र एक ओळ वाढली, घरचं काम तपासणीस पाठवू नये.

चुकाताई ते बघायला थांबली नव्हती. ती पिशवी छातीशी धरून अक्षरशः धावत सुटली होती. तिकीट खिडकीवर भली मोठी रांग होती. सहाला बारा मिनिटं कमी असताना तिने तिकिटाचे पैसे भरले, पावतीवरचं मुलीचं नाव, तारीख, आसन क्रमांक सवयीने तीन वेळा वाचून घेतलं, आणि तिथल्याच बाकावर बसून फोन लावला. तिला हसू येत होतं. किती दिवसांनी काहीतरी आपल्या मनासारखं झालं होतं.

“भरले पैसे. शुक्रवारी रात्रीची बस, खिडकीची जागा. मैत्रिणीच्या आईला सांग हो, यंदा येत नाही म्हणून. वाट बघायच्या त्या.”

चुकाताईने पावतीवरचा आसन क्रमांक पुन्हा एकदा वाचला.

“ऐकतेयस ना?”

“आई, मी तिच्याकडे नव्हते गं गेले,” मुलगी म्हणाली. “गेल्या वर्षी. ती स्वतःच दोन खोल्यांत सहा माणसं राहते. मेट्रनने मला आजारी मुलींच्या खोलीत राहू दिलं होतं. दहा दिवस. वीज होती, पण बाकी सगळं बंद. तू उगाच कुणाकडे तरी उसने मागत फिरली असतीस, म्हणून नाही सांगितलं.”

“आणि ते लाड? ती भाजी, ते अंथरूण, ती दुपारची झोप?”

“रोज सकाळी ठरवायचे, आज काय सांगायचं ते. वहीत लिहून ठेवायचे. नाहीतर तू चूक पकडली असतीस.”

चुकाताईने पावती हातात धरली होती. फोनमागे भांडं वाजत नव्हतं हे तिने तेव्हाच टिपलं होतं. दहा दिवस, रोज. आणि रोज फोन ठेवताना ती म्हणाली होती, “बरं झालं बाई, सुखात आहेस.”