गळ्यातला पिस्टन

आज कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये पुढच्या ट्रकमधून जळक्या ऑइलचा वास आला आणि बाबांच्या गोदामासमोरची ती दुपार आठवली. मेकॅनिकने जाम झालेल्या इंजिनातून ओरखडलेला पिस्टन काढला. "रेडिएटरचं पाणी संपलेलं. तापल्यावर थांबायला हवं होतं," तो म्हणाला.

ड्रायव्हर किसन पुटपुटला, "शेठ, मी फोन केलता. तुमीच बोल्ले, थांबायचा न्हाय."

बाबांनी तो पिस्टन तारेने किसनच्या गळ्यात बांधला आणि हमालांसमोर त्याला गोदामाभोवती फिरवलं. काळं ऑइल त्याच्या शर्टावरून ओघळत होतं.

आता गोदाम भाऊ चालवतो. पिस्टन दारात लिंबू-मिरचीशेजारी लटकतो. तो दाखवून भाऊ नव्या ड्रायव्हरला बजावतो, गाडी तापली की थांबायचं.

काल एकाचा फोन आला, गाडी तापलीय.

भाऊ म्हणाला, "ये तसाच."