आमच्या अंगणातला मॉडर्न मांडव

अंगण मॉडर्न कसं करायचं ते सांगतो म्हणल्यावर तुम्ही सावरून बसला असाल. आता हा कोपऱ्यात बांबू लावायला सांगणार, मधे पांढरे गोटे पसरणार, भिंतीवरनं पाणी सोडणार आणि शेवटी कुंडीशेजारी दगडी मुंडकं ठेवून फोटो काढणार. तसलं काही होणार नाही. माझ्या फोनमध्ये असल्या फोटोंचा ढीग आहे हे खरं. पण आमच्या अंगणात त्यातला एकच उतरला, आणि तोही असा उतरला की रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बेदाण्याचं विचारायला लागले.

आमचं घर कुंडलात. मागं ऊस, पुढं रस्ता, मधे अंगण. अंगण वडिलांचं. वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. तात्या सुभेदार होऊन फौजेतनं घरी आले, ट्रंक माळ्यावर टाकली आणि अंगणाला शिस्त लावायला घेतली. विटा तिरक्या पुरून वाफ्यांना किनार केली, एक वीट गेरूची, एक चुन्याची. नारळाच्या बुंध्याला खाली गेरू, वर चुना. कुंड्यांना पांढऱ्या रंगात नंबर. झेंडूची रोपं सावधानमध्ये उभी. एखादं कललेलं दिसलं की तात्या त्याच्यापुढं नुसते थांबायचे, आणि मला वाटायचं आता ते रोप सॉरी म्हणणार. जे हलत नाही त्याला गेरू-चुना, असा साधा नियम. आमचं कुत्रं एका जागी फार वेळ का झोपत नाही ते मी वेगळं सांगायला नको.

मी इस्लामपुरात शिकलो आणि तिथंच एका दुकानात फ्लेक्सची डिझाइनं करतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शंभर तोंडं बसवायची असतात, त्यामुळं कमी जागेत जास्त माल बसवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. उरलेल्या वेळात आवाज काढतो. शाळेत हेडमास्तरांचा काढायचो, कॉलेजात एसटीच्या कंडक्टरचा, आणि देवळाच्या भोंग्यावरनं उद्या पाणी सुटणार न्हाई असं सांगणाऱ्या काकांचा तर इतका हुबेहूब की एकदा अख्ख्या गल्लीनं घागरी भरून ठेवल्या. पण सगळ्यात सोपा आवाज तात्यांचा. आधी घसा खाकरायचा. मग गप्प राहायचं. गप्प राहिलं की समोरचा घाबरतो. मग म्हणायचं, "हां, बोला."

तर झालं असं की मी आईला घेऊन साताऱ्याला मावशीकडं गेलो. मावशीनं बंगल्यापुढं परगोला केलाय. परगोला म्हणजे चार खांब, वर आडव्या पट्ट्या, आणि वर छप्पर टाकायचं राहून गेलंय असं वाटायला लावणारी वस्तू. त्यावर मधुमालती, खाली लाकडी बाक, समोर अजिंक्यतारा. आई त्या बाकावर टेकली. मावशीनं चहा तिथं आणून दिला. आई कप विसळायला उठली तर मावशीनं खांद्याला धरून खाली बसवली. थोड्या वेळानं परत उठली, परत बसवली. मग आई बसूनच राहिली. पाय वर घेऊन, मांडी घालून, ऊन किल्ल्यावरनं खाली उतरेपर्यंत.

येताना एसटीनं कराड सोडलं तशी आईनं तिकिटं पदराच्या गाठीत बांधली. मग खिडकीकडं बघत म्हणाली, "बसायला असली जागा पायजे बघ. बसलं की कुनी उठवायचं न्हाई."

मला हे तोवर दिसलंच नव्हतं. आमच्या अंगणात खुर्च्या आहेत, पण त्या तात्यांच्या आणि तात्यांकडं येणाऱ्यांच्या. आई पायरीवर टेकते. कोणी आलं की उठून पाणी आणते, मग चहा आणते, मग कप नेते, आणि पदराला हात पुसत परत टेकते तोवर गेटची कडी वाजते. रस्त्यावरचं माणूस आपल्याकडंच येतंय का, हे आमच्या कुत्र्याच्या आधी आईला कळतं.

म्हणून मी तात्यांना फोनमधले फोटो दाखवायला बसलो. पहिलाच फोटो अंगणातल्या मॉडर्न चुलीचा निघाला. शहरातली माणसं संध्याकाळी तिच्याभोवती बसतात असं मी सांगत होतो, तर पायरीवरनं आईच म्हणाली, "भायेरच्या चुलीवर मी लय वर्सं पानी तापिवलं. तवा कुनी फोटू काढला न्हाई." चूल रद्द झाली. पाण्याची भिंत बघून तात्यांनी पाइप फुटलाय का विचारलं. परगोल्याचा फोटो मात्र नीट बघितला, मोठा करून बघितला, आणि फोन परत दिला. अंगण मोकळंच असावं लागतं, ग्राउंडच्या मधोमध कोणी पलंग टाकत नाही, असा निकाल लागला. हे कोणासाठी करायचंय ते मी सांगितलं नाही. आईनं डोळ्यांनीच गप्प केलं होतं.

पुढच्या आठवड्यात तात्या जुन्या साथीदारांना भेटायला बेळगावला गेले. गाडी सुटली तसा मी गावातल्या वेल्डर चाचांच्या दुकानात.

चाचा द्राक्षबागांचे मांडव उभे करतात आणि सीझनला कवठे महांकाळकडं बेदाणा सुकवायच्या शेड बांधायला जातात. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि म्हणाले, हा तर मांडवच हाय, याला येवढं इंग्लिश नाव कशाला. एका मोडलेल्या बागेचे लोखंडी अँगल त्यांच्याकडं पडून होतेच. सामान ठरलं, दिवस ठरला, आणि मग चाचा अडले. पूर्वी आमचं गेट त्यांनीच केलं होतं. कडी जराशी तिरकी बसली म्हणून तात्यांनी त्यांच्याकडनं अख्खं गेट परत करून घेतलं होतं. सुभेदारसाबांचा शब्द आल्याबिगर त्या अंगणात मी खड्डा मारनार न्हाई, म्हणाले.

आता शब्दच पाहिजे म्हणल्यावर काय करणार. इस्लामपूरला गेलो, दुकानातल्या फोनवरनं चाचांना लावला, घसा खाकरला, गप्प राहिलो. पलीकडनं सलाम आला. माझ्या मोबाइलची बॅटरी उतरली म्हणून साथीदाराच्या फोनवरनं बोलतोय, असं सांगून मी काम फौरन सुरू करायची ऑर्डर दिली. अँगल ओळंब्यात पाहिजे, कुंड्यांचा नंबर मोडता कामा नये, हेही सांगितलं. इथं थांबलो असतो तर ही गोष्टच झाली नसती. पण आवाज रंगात आला की मला थांबता येत नाही. मी तात्यांच्या आवाजात पुढं म्हणालो, "आनि बाक आसा करा, की आमची मालकीन बसली की तिला कुनी उठवायचं न्हाई. जलमभर उभीच हाय ती."

चाचांनी मागं चाललेलं ग्राइंडर बंद करायला लावलं. मग हळूच म्हणाले, करतो साब.

दुसऱ्या दिवशी अंगणात अँगल आले. आई घाबरून बाहेर आली आणि तात्यांनी परवानगी दिली का म्हणून मला विचारायला लागली. मी उत्तर जुळवतोय तोवर चाचांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि फोनवरचा निरोप तिला शब्दन् शब्द सांगितला. आई ऐकून आत गेली. कामावरच्या सगळ्यांना त्या दिवशी चहाबरोबर शिरा मिळाला. संध्याकाळी भाकरी थापताना ती मधेच थांबून एकटीच हसत होती.  परगोला आवडला नाही तर तात्या काढून टाकतील, एवढाच हिशेब मी केला होता. आता आईच्या पदरात एक वाक्य पडलं होतं, आणि ते काढून घेता येण्यासारखं नव्हतं. तात्या येऊन फक्त म्हणणार होते, कोणता फोन?

इकडं परगोला वर चढत होता, पण चाचांच्या हाताला सवय बागेची. खांब वर जाऊन इंग्रजी वाय अक्षरासारखे फाटले. आडव्या पट्ट्यांच्या जागी तारा आल्या, आणि त्या अशा ताणल्या की टिचकी मारली तर वाजायच्या. वर बेदाणा शेडचं हिरवं शेडनेट. बाकाला फळ्या नव्हत्याच. बेदाणा सुकवायच्या रॅकची जाळी चौकटीवर ताणून बसवली होती. मी बसून बघितलं. जाळी जराशी खाली जाते, पाठीला वारा लागतो, आणि खरं सांगतो, उठावंसं वाटत नाही. भोवती कुंड्या, माझ्या मते नंबरानं. कडेनं कृष्णकमळाची वेल लावली आणि दुकानातली माळ आणून लाइट सोडले. तरी जाणारे-येणारे विचारायचेच, सुभेदारांनी बेदाणा धरला काय यंदा, माल कवा निघनार?

तात्या सकाळच्या गाडीनं आले. गेटात थांबले. कललेल्या झेंडूपुढं थांबायचे तसेच थांबले. बॅग हातातच. कपाळावरची शीर उठलेली मला लांबनं दिसली. मी नारळाच्या आडोशाला गेलो, पण गेरू-चुना लावलेल्या झाडामागं लपलेलं माणूस उलट उठून दिसतं.

ते तोंड उघडणार तेवढ्यात आई बाहेर आली. पदर खोचलेला, हातात पाण्याचा तांब्या. म्हणाली, "तुमी चाचास्नी फोनवर जे बोललासा ते मला समजलं."

तात्यांनी आईकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत आईकडं. फोनवर त्यांच्या नावानं काय बोललं गेलं हे त्यांना माहीत असायचं कारणच नव्हतं. पण आईचं तोंड त्यांना दिसत होतं, आणि माझंही दिसत होतं. सीमेवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला अंधारात कोण हललं ते कळत असावं. त्यांनी घसा खाकरला. गप्प राहिले. मग म्हणाले, "व्हय. बोललो."

आणि बॅग खाली ठेवली.

बॅग ठेवायचा अवकाश, शेजारचे रिटायर गुरुजी पेपर घेऊन आत आले. आई तेव्हा नुकतीच बाकाच्या कडेला टेकली होती. सवयीनं उठली. तात्या खुर्ची ओढता ओढता तिच्याकडं न बघताच म्हणाले, "बस तू. च्या पोरगं करंल."

आई बसली. आधी कडेला, मग मागं सरकून, मग मांडी घालून. गुरुजी कधी तिच्याकडं, कधी छताकडं बघत राहिले आणि शेवटी बेदाण्याचं विचारायला लागले.

मी आत चहा टाकला आणि पाठीमागनं तात्या आले. माझ्या आयुष्यातला तो एकच असा ओरडा, जो कुजबुजत दिला गेला. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ते दात आवळून बोलत होते. फौजेत असतास तर पाठीवर दगड घेऊन पळवला असता. दुसऱ्याचा आवाज काढणं हा गुन्हा आहे आणि सुभेदाराचा काढणं हा दुप्पट गुन्हा आहे. सात नंबरची कुंडी नऊच्या पुढं गेलीय. मी नेमकं काय बोललो ते तरी कळू दे, म्हणाले. मी सांगितलं, त्यांच्याच आवाजात, कारण दुसऱ्या आवाजात मला ते वाक्य येतच नव्हतं. तात्या ऐकून चहाच्या पातेल्याकडं बघत बसले. चहा उतू गेला, त्याचीही बोलणी मीच खाल्ली. शिक्षा म्हणून परगोल्याचे सगळे खांब, खाली गेरू, वर चुना, आजच्या आज.

संध्याकाळी मी डबा-ब्रश घेऊन खांब रंगवत होतो. आई बाकावर शेंगा फोडत बसली होती. तात्या दूध आणायला गेलेले. तिनं दोन शेंगदाणे माझ्याकडं टाकले आणि आवाज बारीक केला.

"चाचांनी सांगितलं तवाच मला कळलं हुतं," म्हणाली. "तुजा बाप फोनवर येवढं लांब कवा बोललाय रं? आनि मालकीन म्हनून कोन म्हनतं मला? ते नुसतं 'अगं' म्हनत्यात."

मी म्हणलं, मग तू त्यांना तसं का म्हणालीस?

"मग काय करू? बसू दिलं आस्तं का त्यांनी हितं?" शेंग तिनं कडकन फोडली. "अक्कल हाय का तुला? बापाच्या तोंडात आसलं कायतरी घालून मोकळा झालास. आता त्यास्नी जलमभर तसं वागावं लागनार. सकाळपास्नं तीनदा मला बस म्हनल्यात, त्यांचा जीव किती अवघडलाय बघितलास का? परत आवाज काढलास तर ही बाकाची चौकट तुज्या गळ्यात आडकवीन. आनि तो खांब वरपत्तोर रंगव, अर्धा सोडू नको."