शेजाऱ्याची बदकं

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला श्रीरामपूरजवळच्या साखर कारखान्यात सांडपाण्याच्या दोन टाक्या होत्या. एक मी सांभाळायचो, दुसरी माझा शेजारी. माझ्या टाकीत गोगलगायी इतक्या माजायच्या की पाइप तुंबायचा, आणि मी तारेने त्या उकरत बसायचो. त्याच्या टाकीतल्या गोगलगायी त्याची बदकं मटकावायची. साहेब त्याची पाठ थोपटायचे, तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी मीही कोल्हारच्या बाजारातून बदकं आणून माझ्या टाकीत सोडली. मेली मधला बांध ओलांडून सरळ त्याच्या कळपात गेली! अंडीही त्याच्याच अंगणात घालू लागली.

एके सकाळी त्याने त्यातलीच थोडी अंडी आमच्याकडे पाठवली. बायको म्हणाली, "लई मोठ्या मनाचा मानूस हाय बगा."