राखेतली ज्वारी

धडगावच्या खरेदी केंद्रावर मी धान्य तपासायचो. अंगणवाडीतल्या मुलांसाठी ज्वारी बाहेरून आणायची नाही, डोंगरातल्या बायकांच्या गटाकडूनच सरकारने विकत घ्यायची, असं त्या वर्षी ठरलं होतं. पहिला माल घेऊन गटाची म्होरकी बाई आली. जीपच्या टपावरून पोती उतरवली. मी मूठभर ज्वारी तळहातावर घेतली. दाणा टपोरा, पण करडा. बोटांना राख लागली.

"हा माल स्वच्छ नाही," मी म्हणालो.

"राख आहे, साहेब. किडू नये म्हणून कणगीत टाकतो. आमची पोरं हीच खाऊन मोठी झाली. मेली का?"

मागचा हमाल हसला. मला ते हसणं लागलं. मी पोती परत पाठवली.

आता खरं लिहितो. माझ्या गावी, रनाळ्यात, माझी आईही ज्वारी राखेतच ठेवायची आणि दळणाआधी चाळून घ्यायची. केंद्रावर मोठी चाळणी होती, माझ्या पाठीमागेच. "चाळून घ्या" एवढंच म्हणायचं होतं.

पुढे अंगणवाडीत बाहेरून गोड पिठाची पाकिटं येऊ लागली. मुलं तोंड फिरवायची. पुष्कळ पाकिटं शेळ्यांपुढे गेली. डोंगरातल्या बायकांना माल पुरवणं जमत नाही, असं कचेरीत बोललं जाऊ लागलं. मी तिथेच बसलेला असायचो. गप्प राहायचो.

नोकरी संपल्यावर रनाळ्याला परतलो; पत्नी गेल्यापासून घरात मी एकटाच. मुलगा सुरतेला. भाकरी एकच थापतो, तीही अर्धी उरते. यंदा पुन्हा इथलीच ज्वारी घेण्याचा विचार चाललाय, पण त्या गटाचं नाव निघालं की तेच जुनं 'त्यांना जमत नाही' पुढे येतं, हे कानावर आलं. शेजारच्या निवृत्त मास्तरांना म्हटलं, धडगावला जातो.

"आते कसाले जास भाऊ? तुले कोन इचारी ऱ्हायना?"

कोणी विचारत नव्हतंच. तरी गेलो. केंद्रावरच्या नव्या साहेबांना सगळं सांगितलं. "बाजारच्या दिवशी चाळलेला नमुना येऊ द्या, चांगला असला तर घेऊ," ते म्हणाले. अंगणवाडीच्या बाईंकडून नंबर घेऊन मी गटाच्या त्या म्होरक्या बाईला फोन लावला. मी कोण ते सांगितलं आणि बाजारच्या दिवशी चाळलेला नमुना घेऊन या म्हटलं. ती एवढंच म्हणाली, "बघू."

बाजारच्या दिवशी सकाळपासून धडगावला जीपच्या थांब्यावर उभा राहिलो. जीप येत होत्या, माणसं उतरत होती, कोंबड्या उतरत होत्या. ती आली नाही. दुपारी मला तिचाच राग आला. मग लक्षात आलं, मागेही ती सरकारी माणसाच्या शब्दावरच डोंगर उतरली होती. भाडं तिचं गेलं, मजुरी तिची बुडाली, पोतीही तिनंच परत वर नेली. नमुना आणायला मीच जायला हवं होतं.

वर जाणाऱ्या जीपमध्ये चढलो. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, संध्याकाळी परत गाडी नाही हां."

"चालेल," मी म्हणालो. घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं.