खिडकीतून लढवलेलं सैन्य

माझ्या मित्रानं हरल्याच्या रागात खेळ सोडला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते खरं नाही.

एकाहत्तरचं युद्ध नुकतंच संपलं होतं आणि आम्ही विशीतली पोरं अजून त्याच धुंदीत होतो. शेवगावात एक निवृत्त सुभेदार राहायचे. लष्करात वाळूच्या नकाशावर लढाई आखतात, त्यावरून त्यांनी एक खेळ बसवला होता. मोठ्या टेबलावर वाळूचे डोंगर, बोटाएवढे मातीचे सैनिक आणि घोडेस्वार, अंतर मोजायला गाठी मारलेली सुतळी आणि मारा लागला की हुकला ते ठरवायला फासे. उन्हाळ्यात त्यांनी आसपासच्या शौकीन पोरांचा मेळावा घरीच भरवला.

तिसगावहून आम्ही दोघं एसटीनं गेलो. सैन्य मित्राचं होतं. हिवाळाभर खपून त्यानं ते घडवलं, भाजलं, रंगवलं. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांसारखं ढोबळ नाही, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. सुभेदारांसमोर ते लढवायचं, दुसरं काही तो बोलतच नव्हता.

दारात मी थबकलो. मित्राचं घर बौद्ध. सुभेदार आमच्यातले, आणि खेळ मांडलेल्या माजघराला लागूनच देवघर. कुणी काही बोललं तर? कुणी अजून तोंडही उघडलं नव्हतं. मीच म्हणालो, "तू बाहेर खिडकीपाशी थांब. सांगशील तसं मी हलवतो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि सैन्याची पेटी माझ्या हातात दिली. "घोडी जपून धर. पाय नाजूक हायेत."

समोर घोडेगावचा एक गडी होता. "ही घोडी आमच्या जनावरांच्या बाजारात आणली असती, तर दात बघून माघारी धाडली असती!" सगळे हसले.

"दात नका बघू पावनं, लाथ बघा!" खिडकीतून उत्तर आलं, आणि त्याच चालीत घोडेगावची पहिली फळी आडवी झाली.

मग लढाई डोंगरापलीकडं सरकली. गजांना कपाळ टेकवून तो म्हणाला, "मला तिकडचं दिसंना रं. काय हाय तितं?"

"थांब जरा," मी म्हणालो आणि माझ्या मनानं घोडी पुढं काढली. ती सगळी कापली गेली. त्यानंतर डाव सावरला नाही.

सुभेदारांनी विचारलं, "तुमचे दोस्त बाहेर का?"

"त्याला आत गुदमरतं," मी म्हणालो. तो खिडकीतच होता.

सुभेदारांचा एक नियम होता. पडलेला सैनिक ज्याचा त्यानंच उचलायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मी उचलायला वाकलो तसा त्यांनी माझा हात धरला. "हे तुमचे नाहीत." मग खिडकीकडं वळून म्हणाले, "या, आत या. तुमची माणसं पडलीत इथं."

तो आला. देवघरासमोरूनच आला. कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. सुभेदारांच्या आईनं तर त्याला पाण्याचा तांब्या दिला. एकेक सैनिक उचलून, सदऱ्याच्या टोकानं वाळू पुसून, त्यानं पेटीत ठेवला.

"आणखी एक डाव मांडू," सुभेदार म्हणाले. "आता तुम्ही स्वतः खेळा."

"नको," तो म्हणाला. "मला आत गुदमरतं."

परतताना एसटीत लई गर्दी होती. मी पेटी धरायला हात पुढं केला. त्यानं ती छातीशी ओढून घेतली आणि तिसगावापर्यंत तशीच धरून उभा राहिला.