लेकीसाठी निवडलेली जड चाकं

माझी लेक रोज पहाटे रोड बाईक घेऊन गुडगाव-फरीदाबाद रस्त्याला जायची आणि ती परत येईपर्यंत मी घरात एक काम धड करत नसे. पोह्यांत मीठ दोनदा पडायचं. नवऱ्याने नुसतं “चहा?” विचारलं तरी मी त्याच्यावर खेकसायची. फोनच्या नकाशावर तिचा निळा ठिपका सरकत असायचा. ठिपका थांबला की मी फोन लावायची आणि पलीकडून धापा टाकत उत्तर यायचं, “आई यार, चढावर आहे, ठेव ना!”

आधी मी एवढी घाबरट नव्हते. पण एका पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा तिला दिसला नाही. मागच्या चाकाचा स्पोक तुटला, चाक वाकडं होऊन फ्रेमला घासलं आणि ती रस्त्याच्या कडेला आपटली. अगदी शेजारून डंपर गेला. हनुवटीला टाके पडले, एवढ्यावर निभावलं. घरी आल्यावर तिने हळहळ केली ती चाकांची. शर्यतीची हलकी चाकं होती ती, एका सीनियरकडून घेतलेली.

“रोजच्या सरावाला ही वापरायचीच नसतात,” ती म्हणाली. “ट्रेनिंगला वेगळा सेट लागतो.”

“सायकलच विकून टाक,” मी म्हणाले. मग घरात अबोला. शेवटी नवऱ्याने मध्ये पडून आम्हा दोघींना झंडेवालानच्या सायकल बाजारात नेलं. स्पोक बदलून हलकं चाक तिथेच सरळ करून घेतलं आणि सरावासाठी दुकानदाराने दोन जोड काढून समोर ठेवले. तवा घेताना उचलून बघते तसं मी एकेक चाक उचलून पाहिलं. एक बेताचं. दुसरं दणकट, स्पोक दाट, हाताला चांगलं जड.

“भैया, इससे तेज़ तो नहीं चलेगी ना?”

तो हसला. “आंटी, चढ़ाई पर तो जान निकाल देगा.”

“बस, यही दे दो.”

“आई, ही ट्रकची चाकं आहेत! सगळा ग्रुप पुढे निघून जाईल माझा!”

“जाऊ दे. तुला कुठे दूध पोचवायचंय?”

मी काही लपवलं नाही. तू हळू जावंस म्हणूनच घेतेय, असं तिच्या तोंडावर सांगितलं. जड ते टिकाऊ आणि टिकाऊ ते सुखरूप, हे मला आमच्या पातेल्यांनी शिकवलेलं. ती रागाने लाल झाली. नवरा घाईघाईने म्हणाला, “आपल्याकडे नाही का, रोजची साडी वेगळी, ठेवणीतली वेगळी? तसंच हे.”

“ठेवणीतली म्हणजे?” दिल्लीत वाढलेल्या लेकीने विचारलं.

“कपाटात जपून ठेवायची. खास दिवशी नेसायची.”

“अच्छा, रेसवाली. चलो, ठीक.”

हलकी चाकं माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून कपाटावर गेली. मला बरं वाटलं. ठेवणीतल्या वस्तूंचं काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या ठेवणीतच राहतात. माझ्या पैठणीला अजून दिल्लीची हवा लागलेली नाही, आणि ते बरंच आहे म्हणा.

पण माझा एक अंदाज चुकला. चाकं जड, म्हणून ठिपका हळू, म्हणून ती घरी उशिरा. म्हणजे माझीच तगमग वाढली. बाल्कनीत जा, आत ये, पुन्हा जा. थंडीत धुरकं दाटलं की समोरची सोसायटीही दिसायची नाही, तरी मी उभी. ती यायची तेव्हा तिचे पाय लटपटत असायचे. दुप्पट पोळ्या खायची आणि झोपायची. मला वाटायचं, आता कंटाळेल. होळीच्या सुमारास ठिपका पुन्हा पहिल्यासारखा भराभर सरकायला लागला, तेव्हा मला वाटलं, ॲप बिघडलंय.

नोएडाच्या पुढे निवड चाचणी होती. त्या दिवशी कपाटावरची चाकं खाली आली. मी रस्त्याकडेला जीव मुठीत धरून उभी होते. ती समोरून गेली तेव्हा मला फक्त हेल्मेट दिसलं. मुलींमध्ये ती पहिली आली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

चाचणी घेणारे प्रशिक्षक आमच्याकडे आले. “मैडम, ट्रेनिंग के व्हील आपने चुने थे? लड़की बता रही है.”

“जी.”

“बिल्कुल सही चुने. महीनों भारी पहियों पर मेहनत की है, तभी आज हल्के लगते ही उड़ गई. अब इसे कैंप भेज दीजिए. केरल में है, दो साल का.”

लेक शेजारीच उभी होती, घामाने निथळत. ती चाकं मी कशासाठी घेतली होती हे त्यांना माहीत नव्हतं. तिला पुरेपूर माहीत होतं. तरी तिने त्यांना एवढंच सांगितलं होतं की चाकं आईने निवडली. दोन वर्षं, तिकडचे रस्ते, तिकडचे ट्रक, आणि नकाशावर तो ठिपका केवढ्या लांब. मला नाही म्हणायचं होतं. ती माझ्याकडे बघत होती.

“कब भेजना है?” मी विचारलं.